मासळीबाजाराजवळचे मैदान

रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना होतात, त्यांत जगातील शांततेसाठी एक प्रार्थना हटकून असते. ती वाचणाऱ्याचा आवाज नेमका तेथेच थोडा उतरतो, असे माझ्या ध्यानात आले आहे. आजाऱ्यांसाठी किंवा पावसासाठी प्रार्थना करताना माणसे मन लावतात, कारण आजारी माणूस आपल्या घरात असतो आणि पाऊस आपल्या शेतावर पडायचा असतो. युद्ध मात्र दूर कोठेतरी चाललेले असते. मागे एकदा मिस्सा आटोपल्यावर एक वयस्क बाई माझ्यासाठी दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “फादर, मोठे लोक तिकडे लढणार आणि आम्ही इकडे ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणणार. ह्याचा काही उपयोग होतो का हो?” मी त्यांना जे उत्तर दिले ते पुस्तकी होते. त्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. खरे उत्तर द्यायचे तर मला त्यांना पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशाच्या स्त्रियांची हकीकत सांगावी लागली असती, आणि ती काही दारात उभ्याने सांगण्याजोगी नव्हे. म्हणून ती येथे लिहितो.

लायबेरिया हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लहानसा देश. अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसविण्यासाठी अमेरिकेत एक मंडळी स्थापन झाली होती. तिच्या खटपटीने १८२२ पासून ह्या किनाऱ्यावर वसाहत सुरू झाली आणि १८४७ मध्ये ती स्वतंत्र प्रजासत्ताक बनली. राजधानीचे नाव मनरोव्हिया. ते अमेरिकेचे अध्यक्ष मनरो ह्यांच्यावरून ठेवलेले. गुलामगिरीतून सुटून आलेल्यांच्या वंशजांनी मूळच्या रहिवाशांवर सव्वाशेहून अधिक वर्षे सत्ता गाजविली, ही इतिहासाची विचित्र थट्टाच म्हटली पाहिजे. १९८० मध्ये सॅम्युएल डो ह्या लष्करी शिपायाने रक्तपात करून ती सत्ता उलथविली, पण त्याचाही कारभार जुलमी निघाला. मग १९८९ च्या डिसेंबरात, नेमकी नाताळची पूर्वसंध्या गाठून, चार्ल्स टेलर नावाच्या पुढाऱ्याची टोळी सरहद्द ओलांडून देशात शिरली आणि यादवी पेटली.

त्या यादवीचे सविस्तर वर्णन करण्याची मला इच्छा नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. १९९० च्या २९ जुलैला मनरोव्हियातील सेंट पीटर्स ह्या ल्युथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे सहाशे स्त्री-पुरुष-मुलांना डोच्या सैनिकांनी ठार मारले. पुढे १९९२ च्या ऑक्टोबरात त्याच शहराच्या सीमेवर सेवा करणाऱ्या पाच अमेरिकन कॅथलिक धर्मभगिनींची हत्या झाली. त्या वेळी राजधानीवर चालून आलेली फौज टेलरची होती. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्या भगिनींना प्रेमाच्या हुतात्मा म्हणून गौरविले. लायबेरियातील बहुसंख्य ख्रिस्ती प्रॉटेस्टंट पंथांचे, कॅथलिक थोडे. परंतु गोळीला हे पंथभेद ठाऊक नव्हते, आणि ही गोष्ट पुढे त्या देशातील बायकांनीच आपल्या पुरुषांना समजावून सांगितली.

१९९७ मध्ये निवडणूक झाली आणि तीत टेलरला सुमारे तीन चतुर्थांश मते मिळाली. वाचकांना हे नवल वाटेल. पण हा माणूस हरला तर पुन्हा जंगलात जाऊन युद्ध सुरू करील, त्यापेक्षा तो गादीवर बसलेला बरा, असा विचार अनेकांनी केला. मतपेटीत भीती कशी शिरते ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आणि तेवढे करूनही युद्ध टळले नाही. १९९९ पासून उत्तरेकडून ‘लर्ड’ ह्या संक्षिप्त नावाची बंडखोर सेना चालून आली आणि २००३ मध्ये पूर्वेकडून आणखी एक. दोन्ही यादवींत मिळून अडीच लाखांपर्यंत माणसे मेली असा अंदाज केला जातो. देशाची लोकसंख्या अवघी तीस लाखांच्या आसपास होती. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका देऊन, त्यांना अमली पदार्थ चारून पुढे घातले जाई. मुलींवर आणि बायकांवर जे अत्याचार झाले ते ह्या कौटुंबिक साप्ताहिकात लिहिण्याजोगे नाहीत. पण त्यांचा उल्लेखच टाळला तर पुढची हकीकत कळायची नाही, म्हणून एवढे सांगून थांबतो.

लेमा ग्बोवी ह्यांचा जन्म १९७२ चा. युद्ध दारी आले तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे मनात होते. ते सारे राहिले. घानात निर्वासित म्हणून दिवस काढले, मारझोड करणाऱ्या माणसाबरोबर संसार केला, आणि अखेर लेकरांना घेऊन रिकाम्या हाताने आईबापांच्या घरी परतल्या. पुढे त्यांनी समाजसेवेचे शिक्षण घेतले आणि ल्युथरन चर्चने युद्धात मन मोडलेल्यांसाठी चालविलेल्या कामात त्या रुजू झाल्या. तेथे त्यांच्या वाट्याला आली टेलरच्या सैन्यातून सुटलेली पोरे. कोणाचा पाय गेलेला, कोणी उद्दाम, कोणी व्यसनी. ह्या पोरांनीच आपला देश जाळला, अशी चीड त्यांच्या मनात होती. काम करता करता, ह्या पोरांनाही कोणीतरी जाळले आहे, हे त्यांना उमगले. ग्बोवीबाई काही पहिल्यापासून साध्वी नव्हत्या, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात मोकळेपणी लिहिले आहे. मला ती गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे धर्मग्रामात एखादे काम काढले की ‘आम्ही कुठले त्या योग्यतेचे’ असे म्हणून मागे सरणारी माणसे पुष्कळ असतात.

२००२ मध्ये त्यांना एक स्वप्न पडले. बायकांना गोळा कर आणि शांततेसाठी प्रार्थना करा, असे कोणीतरी सांगत होते. हे स्वप्न आपल्याला चुकून पडले, दुसऱ्या कोणा भाविक बाईला पडायला हवे होते, असे त्यांना वाटले. सहकाऱ्यांनी ते मानले नाही. स्वप्न जिला पडले तिनेच ते चालवायचे, असा त्यांचा आग्रह. मग वीसेक बायका दर आठवड्याला प्रार्थनेला जमू लागल्या. त्या चर्चच्या नावाला १९९० च्या जुलैची आठवण चिकटलेली होती, ते हेच सेंट पीटर्स.

एके दिवशी ह्या ख्रिस्ती बायकांच्या सभेत एक मुसलमान बाई उठून उभी राहिली. आसातू बा केनेथ हे तिचे नाव, पेशाने ती पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी. चर्चमध्ये मी एकटीच मुसलमान आहे, पण तुमचे काम मला पटते आणि मी माझ्या बायकांना घेऊन येते, असे तिने सांगितले, आणि त्याप्रमाणे ती खरोखरच घेऊन आली. दोन्हीकडे कुरकूर झाली. काही ख्रिस्ती बायकांना वाटले की ह्यांच्याबरोबर प्रार्थना केल्याने आपली श्रद्धा पातळ होईल. मुसलमान बायकांतही अशीच शंका निघाली. त्यावर कोणी धर्मशास्त्राचा वाद घातला नाही. बंदुकीची गोळी माणूस ख्रिस्ती की मुसलमान हे विचारून येते काय, एवढाच प्रश्न पुढे ठेवला गेला, आणि त्याला कोणाजवळही उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही आंतरधर्मीय संवादावर जाडजूड ग्रंथ वाचले. त्या ग्रंथांना मी नावे ठेवीत नाही. पण इतक्या थोडक्यात विषय कोणी मांडल्याचे मला आठवत नाही.

आता ह्या हकीकतीतील जो भाग वृत्तपत्रांनी सर्वांत कमी सांगितला, त्याच्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जगाला पुढे पांढऱ्या वस्त्रांतील हजारो स्त्रियांची छायाचित्रे दिसली. ह्या स्त्रिया आल्या कोठून? त्या काही आकाशातून उतरल्या नाहीत. त्याआधी सुमारे सहा महिने ह्या लहानशा गटाच्या बायका आठवड्यातून तीन वेळा बाहेर पडत होत्या. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला मशिदींसमोर, शनिवारी बाजारांत, रविवारी चर्चच्या दारांत. हातात साधी पत्रके. वाचता न येणाऱ्या बायका पुष्कळ, म्हणून पत्रकावर चित्रे काढलेली. सांगायचे ते एवढेच, की बायांनो, तुम्ही दमलात, आम्हीही दमलो. तुमची पोरे मरत आहेत, आमचीही. उठा, आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार, आणि पुन्हा शुक्रवार, असे सहा महिने! ज्याने कधी धर्मग्रामातील एखाद्या मंडळाची वर्गणी गोळा केली असेल त्याला ठाऊक आहे की पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात निमित्ते सुरू होतात आणि सहाव्या आठवड्याला चिटणीस एकटाच हिंडत असतो. ह्या बायका सहा महिने हिंडल्या. युद्ध थांबविण्याचे काम म्हणतात ते मुख्यतः हेच होते, असे माझे मत आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेचाही ह्यात वाटा आहे. मनरोव्हियाचे आर्चबिशप मायकल फ्रान्सिस हे टेलरच्या राजवटीतही निर्भयपणे बोलत राहिले. त्यांनी १९९१ मध्ये न्याय आणि शांती आयोग स्थापन केला होता, आणि मानवी हक्कांच्या कार्याबद्दल त्यांना १९९९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट केनेडी पुरस्कार मिळाला होता. धर्मप्रांताचे ‘रेडिओ व्हेरितास’ नावाचे नभोवाणी केंद्र होते. २००० मध्ये सरकारने ते काही दिवस बंदही पाडले होते. ह्याच केंद्रावरून बायकांचे आवाहन घरोघरी पोहोचले. ज्या मुलखात वर्तमानपत्र वाचणारे थोडे आणि रस्ते बंदूकवाल्यांच्या हाती, तेथे नभोवाणीचे महत्त्व काय हे सांगायला नको.

२००३ च्या एप्रिलमध्ये बंडखोर राजधानीच्या जवळ येऊन ठेपले आणि बायका रस्त्यावर आल्या. जागा निवडली ती मासळीबाजाराजवळचे मोकळे मैदान. निवड मोठी विचारपूर्वक होती. टबमन बुलेवार्ड हा शहरातील प्रमुख रस्ता तेथून जातो, आणि टेलरच्या मोटारींचा ताफा घराकडून कचेरीकडे जाता-येता दिवसातून दोनदा ह्या मैदानावरून जाई. अंगात पांढरा सदरा, कमरेला पांढरे लुगडे, डोईला पांढरे वस्त्र. दागिना नाही, प्रसाधन नाही. बायबलमधील एस्तेर राणीने आपल्या लोकांसाठी प्राणांवर उदार होऊन राजासमोर जावे, त्याआधी लोकांनी गोणपाट नेसून उपास करावा, ही कथा ख्रिस्ती बायकांच्या मनात होती. मोठ्या फलकावर लिहिलेले होते की लायबेरियाच्या स्त्रियांना आता शांतता हवी. त्यांत चर्चमधल्या बायका होत्या, मशिदीतल्या होत्या, बाजारात मासळी आणि भाजी विकणाऱ्या होत्या, आणि शहराभोवतीच्या छावण्यांतून आलेल्या, घरदार गमावलेल्या होत्या.

मागण्या तीनच. विनाअट युद्धविराम करा, वाटाघाटीला बसा, आणि शांततेच्या रक्षणासाठी बाहेरची सेना येऊ द्या. राजकारणावर बोलायचे नाही, टेलर चांगला की बंडखोर चांगले ह्या वादात शिरायचे नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. काहींना हा नेभळटपणा वाटेल. मला तो व्यवहार वाटतो. एका पक्षाचे नाव घेतले असते तर दुसऱ्याच दिवशी निम्म्या बायका घरी गेल्या असत्या आणि उरलेल्या तुरुंगात.

एप्रिलचे ऊन होते. पुढे पाऊस सुरू झाला. मनरोव्हियाचा पाऊस म्हणजे वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरांहून अधिक, आपल्या गोव्याच्या दीडपट. त्या पावसात बायका रोज येऊन बसत. गात, नाचत, प्रार्थना करीत. टेलरचा ताफा यायचा आणि जायचा.

ह्याच काळात बायकांनी आणखी एक व्रत घेतले होते. युद्ध थांबेपर्यंत पतीशी सहशय्या करायची नाही, असे ते व्रत. परदेशी वार्ताहरांना ही बातमी फारच आवडली आणि आजही लायबेरिया म्हटले की कित्येकांना तेवढेच आठवते. स्वतः ग्बोवीबाईंनी लिहिले आहे की ह्या व्रताचा प्रत्यक्ष परिणाम थोडाच झाला. वर्तमानपत्रांचे लक्ष वेधले गेले, हाच काय तो लाभ. सहा महिन्यांच्या पत्रकांना जी जागा मिळाली नाही ती ह्या एका बातमीला मिळाली. वर्तमानपत्रांचा हा स्वभाव आहे. आपण वाचकांनी तरी तो ओळखून असावे.

२३ एप्रिलला टेलरने बायकांना भेटीला बोलाविले. हजारो बायका एकमेकींचे हात धरून बाहेर बसून राहिल्या आणि ग्बोवीबाई निवेदन वाचायला पुढे गेल्या. तेथे त्यांनी एक चतुराई केली. टेलरकडे तोंड न करता, हजर असलेल्या सेनेटच्या अध्यक्षा, ग्रेस मायनर ह्यांना उद्देशून त्यांनी निवेदन वाचले. आपल्या मुलांना भविष्य हवे, ते मिळेपर्यंत आम्ही उन्हात आणि पावसात बसून राहू, हा त्याचा आशय. राज्यकर्त्यापुढे हात पसरण्यापेक्षा एका बाईने दुसऱ्या बाईला सांगावे, की हे तुमच्या अध्यक्षांच्या कानी घाला, हा तो भाव. टेलरने वाटाघाटीस जाण्याचे कबूल केले. बंडखोरांचे पुढारी तेव्हा शेजारच्या सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये, मुक्कामाला होते. काही बायका तेथे जाऊन पोहोचल्या आणि त्यांच्याकडूनही होकार घेऊन आल्या.

वाटाघाटी घानामध्ये भरल्या. ४ जूनला त्या सुरू झाल्या आणि त्याच दिवशी एक अनपेक्षित गोष्ट घडली. सिएरा लिओनमधील युद्धात टेलरने केलेल्या गुन्ह्यांबद्दल तेथील विशेष न्यायालयाने त्याच्यावर ठेवलेले आरोपपत्र जाहीर झाले. टेलर तडकाफडकी मनरोव्हियाला परतला. १७ जूनला युद्धविरामावर सह्या झाल्या आणि त्या लगेच मोडल्या. जून-जुलैत राजधानीवर तोफा डागल्या गेल्या, अन्नपाण्याचे दुर्भिक्ष झाले, आणि २१ जुलैला लोकांनी आपल्या माणसांची प्रेते अमेरिकन वकिलातीच्या दारासमोर आणून ओळीने ठेवली.

आणि घानात? तेथे पुढारी आणि टोळ्यांचे नायक चांगल्या हॉटेलात उतरले होते. दिवसामागून दिवस चर्चा चाले, ती कोणते मंत्रिपद कोणाला ह्याची. ग्बोवीबाई आणि त्यांच्या सोबतिणी दारात बसून हे पाहत होत्या. घानातील निर्वासितांच्या छावणीतून आणखी बायका येऊन त्यांना मिळाल्या होत्या. इकडे घरून बातमी यायची ती मेलेल्यांची, तिकडे सभागृहातून यायची ती खातेवाटपाची. २१ जुलैच्या त्याच दिवशी त्यांचा धीर सुटला. दोनशेच्या आसपास बायका सभागृहाच्या दारांना आडव्या बसल्या, हातात हात गुंफून. करार होईपर्यंत आतले कोणी बाहेर येणार नाही, अन्न नाही, पाणी नाही. आपल्या माणसांना ज्या हालात ठेवले आहे त्याची थोडी चव ह्यांनाही कळू दे.

पहारेकरी ग्बोवीबाईंना अटक करायला आले. त्यावर त्या उठल्या, डोईचे वस्त्र सोडले आणि म्हणाल्या की मी तुमचे काम सोपे करते, अंगावरची सारी वस्त्रे येथेच उतरविते. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या स्त्रीने संतापाने स्वतःहून विवस्त्र होणे हा पाहणाऱ्यावर पडणारा भयंकर शाप मानतात. पहारेकरी जागच्या जागी थिजले. हा प्रसंग वाचून कोणी नाक मुरडू नये. जिच्या देशातील बायकांची वस्त्रे बंदूकवाल्यांनी हवी तेव्हा फेडली होती, तिच्याजवळ दुसरे कोणते शस्त्र उरले होते?

मध्यस्थीचे काम नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर ह्यांच्याकडे होते. ते बाहेर आले. एका टोळीनायकाने बायकांना ओलांडून जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनीच त्याला खडसावून परत धाडले. तू खरा पुरुष असतास तर आपल्याच माणसांना मारीत सुटला नसतास, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते. काहींनी खिडकीतून निसटण्याची खटपट केली म्हणतात. पुष्कळ विनवण्यांनंतर बायका उठल्या, पण अटी घालून. प्रतिनिधींनी बैठकांना वेळेवर हजर राहावे, आणि बायकांशी बोलताना जीभ आवरावी. दुसरी अट वाचून मला हसू आले, आणि मग वाईट वाटले.

११ ऑगस्टला टेलरने राजीनामा देऊन नायजेरियाची वाट धरली. १८ ऑगस्ट २००३ रोजी करारावर सह्या झाल्या.

हे सारे ह्या बायकांनीच घडविले असे मी म्हटले तर ते खरे होणार नाही. टेलर गेला त्याला बंडखोरांच्या तोफा कारण होत्या, न्यायालयाचे आरोपपत्र कारण होते, अमेरिकेचा दबाव कारण होता आणि ऑगस्टच्या आरंभी मनरोव्हियात उतरलेले नायजेरियाचे सैन्यही कारण होते. तोफेने जे झाले त्याचे श्रेय प्रार्थनेला देणे हा एक प्रकारचा खोटेपणाच, आणि तो आम्हा धर्मोपदेशकांच्या हातून पुष्कळदा होतो. पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. अशा तोफा, असे दबाव आणि अशा परकीय फौजा १९९० नंतरही होत्या. तेव्हा एकामागून एक डझनभर करार झाले आणि मोडले. २००३ चा करार टिकला. त्या आधीच्या करारांच्या वेळी दाराशी कोणी बसलेले नव्हते, आणि सह्या झाल्यावर त्यांची राखण करायलाही कोणी नव्हते.

राखण हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. करार झाल्यावर बायका घरी गेल्या नाहीत. २००३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने शस्त्रे जमा करण्यास आरंभ केला, तो घाईने आणि अपुऱ्या तयारीने. राजधानीबाहेरील छावणीत अपेक्षेच्या कितीतरी पट बंदूकवाले येऊन थडकले, पैशांवरून दंगल उसळली, माणसे मेली आणि काम थांबवावे लागले. तेव्हा ह्याच बायका त्या बिथरलेल्या पोरांत शिरल्या. ही पोरे त्यांना ओळखत होती. कित्येकांच्या त्या खरोखरच्या आया, मावश्या आणि शेजारणी होत्या. पुढे २००४ च्या एप्रिलमध्ये शस्त्रे घेण्याचे काम पुन्हा सुरू झाले आणि एक लाखाहून अधिक जणांची नोंद झाली. जमा झालेल्या बंदुका मात्र अठ्ठावीस हजारांच्या आसपास. हा हिशेब जुळत नाही हे कोणाच्याही ध्यानात येईल. ज्याने कधी बंदूक धरली नाही असाही पैशाच्या आशेने रांगेत उभा राहिला होता.

२००५ मध्ये निवडणूक ठरली तेव्हा नावनोंदणीला बायकाच पुढे येईनात. म्हणून ग्बोवीबाईंच्या गटाने पुन्हा बाजार गाठला. कोणी मासळीवालीच्या टोपलीपाशी बसे, तेवढ्यात ती नाव नोंदवून येई. कोणी भाजीवालीचे मूल कडेवर घेई. एलेन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. निवडणुकीने आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या स्त्री. २०११ मध्ये सर्लीफ, ग्बोवी आणि येमेनच्या तवक्कुल कारमान ह्या तिघींना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढल्याच वर्षी ग्बोवीबाईंनी सर्लीफ ह्यांच्या कारभारावर उघड टीका करून सलोख्याच्या सरकारी मंडळाचे प्रमुखपद सोडले, हेही नमूद करतो, कारण सत्कारसमारंभात ते सांगितले जात नाही.

आपल्या देशाचाही ह्या हकीकतीशी एक धागा जुळतो. २००७ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत केवळ स्त्रियांची पोलीस तुकडी प्रथमच पाठविली गेली, ती भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची होती, आणि ती उतरली मनरोव्हियात. शंभराहून अधिक स्त्रिया, निळ्या टोप्या घातलेल्या, रात्रीची गस्त घालीत, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा देत. दरवर्षी तुकडी बदले. २०१६ च्या फेब्रुवारीत शेवटची तुकडी परतली. ह्या शिपाई स्त्रियांना पाहून लायबेरियातील मुली पोलिसात भरती होऊ लागल्या, असे तेथील राज्यकर्त्यांनीच सांगितले आहे.

न्यायाचे काय, हा प्रश्न राहतोच. टेलर २००६ मध्ये पकडला गेला, २०१२ मध्ये त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला इंग्लंडमधील तुरुंगात पाठविण्यात आले. पण ही शिक्षा शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांची. लायबेरियात जे घडले त्याबद्दल खुद्द लायबेरियाच्या न्यायालयात कोणावरही खटला उभा राहिला नाही; कित्येक टोळीनायक उलट प्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि संसदेत बसले. २०२४ च्या मे महिन्यात अध्यक्ष बोआकाई ह्यांनी असे न्यायालय उभारण्याच्या तयारीसाठी एक कचेरी स्थापन करण्याचा हुकूम काढला. करार होऊन तेव्हा वीस वर्षे उलटली होती. मुलगा गमावला तेव्हा जी आई चाळिशीची होती, ती तोवर साठीला आली. शांततेसाठी बसलेल्या बायकांनी न्यायाची मागणी तेव्हाच का लावून धरली नाही, असे विचारणारे विचारतात. आधी गोळीबार थांबवायचा की आधी खुनी धरायचा, हा पेच ज्यांच्या दाराशी प्रेते पडली होती त्यांच्यापुढे होता. त्यांनी एक निवडले. त्याची किंमत त्यांना ठाऊक होती असे मला वाटते.

गावोगाव आता शांतीच्या झोपड्या आहेत. लायबेरियात पूर्वापार गावचे वडीलधारे पुरुष एका उघड्या, छपराच्या झोपडीत बसून तंटे मिटवीत. त्याच धर्तीवर ह्या चळवळीतील बायकांनी युद्धानंतर आपल्या झोपड्या उभ्या केल्या. वरती छप्पर, भोवती भिंती नाहीत, बसायला बाकडी. नवऱ्याने मारले म्हणून कोणी येते, शेताची हद्द शेजाऱ्याने सरकविली म्हणून कोणी येते, टाकून दिलेल्या मुलाच्या पोटगीसाठी एखादी येते. बायका दोन्ही बाजू ऐकून घेतात, ज्यात जबरदस्ती झाली असेल ते प्रकरण आपण न मिटविता पोलिसाकडे देतात, आणि पोलिसाने ते पुढे नेले की नाही हे विचारायला पुढच्या आठवड्यात पुन्हा ठाण्यावर जातात.